दोन बोटं उतार

माझ्या ताईला उतार कळतो. तुम्हाआम्हाला जी फरशी सपाट वाटते तिच्यावर पाऊल ठेवताच ती थबकते, भिंतीला हात लावते आणि सांगते, "पाणी त्या कोपऱ्यात जात असणार." तांब्याभर पाणी ओतून बघावं तर खरंच तिकडे जातं. यात कौतुकाचं काही नाही. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या आजारपणात दिलेल्या औषधानं तिच्या दोन्ही कानांतलं, तोल सांभाळणारं यंत्र अधू झालं. आता ती उभी राहते ती डोळ्यांच्या आणि तळपायांच्या भरवशावर. समोर मोकळं दिसत असलं, पायाखाली सपाट असलं तर ठणठणीत. बंद जागेत जमीन जराशी कलती असली की सगळं घर तिच्याभोवती फिरायला लागतं. मग उलट्या, आणि दोन दिवस अंथरूण.

अशा बाईला घेऊन मी मिरजेहून माहूरला निघाले, तेही स्वतः गाडी चालवत. लोकांनी वेड्यात काढलं. पण ताईच्या मनात दोन गोष्टी होत्या. एक, माहूरच्या रेणुकेचं दर्शन. दुसरी, बिलोली. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी तिची पहिली नोकरी तिकडच्या एका खेड्यातल्या शाळेत होती. लग्न ठरल्यावर आमच्या वडिलांची तार आली आणि ती वर्षाच्या मध्यावरच, कुणाला धड न सांगता निघून आली होती. ज्या बाईच्या घरी ती दोन वर्षं राहिली, जेवली, तिचा निरोपही घेतला नव्हता. "नरसम्मा असेल का गं अजून?" हे ती आजारपणात इतक्यांदा म्हणाली, की मी ठरवलं, न्यायचंच.

बस तिला झेपत नाही, कारण भोवळ आली की जागच्या जागी आडवं व्हावं लागतं. म्हणून मी एक जुनी बारा सिटांची गाडी घेतली. मिरजेतल्या एका गॅरेजात सिटं काढून दोन पलंग, चहापुरता गॅस, एक छोटं संडास असं बसवून घेतलं. चाकावरचं घर. मी अठ्ठावीस वर्षं वीज खात्यात इंजिनियर होते. खांबावर चढलेली बाई आहे मी. गाडी चालवणं मला अवघड वाटलं नाही. अवघड होतं ते गाडी उभी करणं. चाकावरच्या घराची ही मेख घरातून निघेपर्यंत ध्यानात येत नाही. रोज नव्या जमिनीवर उभं राहायचं, आणि जमीन कुठेच सपाट नसते.

मुरुडच्या अलीकडे

सोलापूर, बार्शी करत दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या वेळी आम्ही मुरुडच्या अलीकडे पोचलो. रस्त्याच्या कडेला एक मोठा लिंब, पलीकडे ज्वारी, हरभरा, आणि मधे काढणी झालेल्या सोयाबीनचं मोकळं रान. बांधाच्या वाटेनं गाडी आत घेतली. आमच्याकडे कृष्णाकाठी माती काळी असते, पण इथलं काळं वेगळंच. पावसाळ्यात फुगते, हिवाळ्यात भेगाळते. भेगेत अख्खा हात जाईल इतकी खोल. वरून मात्र रान ताटासारखं दिसत होतं.

"मीने, घर मागं कललंय," ताई पलंगावरूनच म्हणाली.

गाडीत मी एक लेव्हल ठेवलेली होती, गवंड्यांकडे असते तसली. आतला बुडबुडा मधोमध आला की सपाट. बुडबुडा पुढच्या टोकाला जाऊन बसला होता. म्हणजे मागचा भाग खाली. फार नाही, दोन बोटं. पण ताईच्या कपाळावर घाम आला होता आणि तिनं पलंगाची कड धरली होती.

मी जॅक काढला. पहिल्या मुक्कामी सोलापूरजवळ एका ढाब्याच्या सिमेंटच्या अंगणात मी हेच केलं होतं आणि स्वतःवर खूश झाले होते. मागच्या आसाच्या मधोमध जॅक लावायचा, दोन्ही चाकं उचलायची, खाली लाकडी ठोकळे सरकवायचे, सोडायचं. दहा मिनिटांचं काम. हँडब्रेक ओढलेला होता, गाडी गिअरमध्ये होती. जमिनीत जाऊ नये म्हणून जॅकखाली पोळपाटाएवढी फळी घातली.

मी गाडी उचलत असताना शेजारच्या रानातून एक गृहस्थ आले. पन्नाशीच्या आतले, डोक्याला पांढरा रुमाल, हातात विळा. हे व्यंकट मिस्त्री. दोन एकर रान आणि गवंडीकाम.

"काय करायलाव ताई?"

सांगितलं. ते वाकून बघत राहिले.

"काळ्या रानात जॅक धरत न्हाई. आन् मोठ्या ताई आत हायत का? त्यास्नी उतरवा की आधी."

"ती झोपलीय. पाच मिनिटांत होईल," मी म्हणाले. मला खरं तर राग आला होता. आयुष्यभर साइटवर प्रत्येक पुरुषानं मला काय करायचं ते सांगितलं होतं. मागची दोन्ही चाकं जमिनीपासून सुटली होती, मी जॅकचा दांडा धरून होते आणि ठोकळा हाताला येत नव्हता. म्हणाले, "तेवढा ठोकळा सरकवता का आत?"

ते थांबले. त्यांना ते नको होतं हे मला स्पष्ट दिसलं. पण परक्या बाईला नाही कसं म्हणायचं, म्हणून बसले आणि डाव्या हातानं ठोकळा चाकाखाली ढकलू लागले.

मला जे तेव्हा सुचलं नाही ते आता प्रत्येकाला सांगते. आमच्या गाडीचा हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो. गिअरही मागच्याच चाकांना. ती दोन्ही चाकं हवेत गेली की गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. पुढची चाकं मोकळी, आणि त्यांना मी साधा दगडही लावलेला नव्हता.

फळी एका बाजूनं भेगेत खचली. कडकन आवाज झाला. गाडी वीतभर मागे आली, जॅक आडवा झाला आणि गाडीचा मागचा भाग धाडकन खाली बसला. आत ताई ओरडली. चाकाच्या धक्क्यानं ठोकळा उडून व्यंकटरावांच्या हातावर बसला होता, आणि जिथे क्षणापूर्वी त्यांचा पंजा होता तिथे चाक होतं.

ते ओरडले नाहीत. हात पोटाशी धरून मातीत बसले आणि म्हणाले, "मोठ्या ताईला बगा आधी."

ताई पलंगावरून खाली पडली होती. लागलं नव्हतं, पण तिला उलट्या सुरू झाल्या होत्या. तिला बादली दिली, खिडकी उघडली, व्यंकटरावांना पुढच्या सीटवर बसवलं आणि त्याच गाडीतून मुरुडच्या दवाखान्यात नेलं. वाटेत आरशात ताईचा चेहरा पिठासारखा पांढरा. शेजारी त्यांचा हात माझ्या डोळ्यांदेखत सुजत होता. मी एवढंच विचारलं, "कुठला हात वापरता कामाला?"

"उजव्यात थापी," ते म्हणाले. "पर वीट डाव्याच हातानं उचलावी लागती."

अंगठ्याच्या मुळाशी हाड तडकलं होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, सहा आठवडे सांगितले. हात चार बोटं आत असता तर पंजाच राहिला नसता, हे त्यांनी कुणी न विचारता सांगितलं, आणि बरं केलं.

परत आलो तेव्हा लिंबाखाली त्यांची बायको, मुक्ताबाई, उभी होती. कुणीतरी तिला सांगितलं होतं. नवऱ्याच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हात गेला असता तर?"

"माझी चूक आहे," मी म्हणाले. "त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"ते न्हाई इचारलं मी. हात गेला असता तर?"

आपण चूक कबूल केली की काहीतरी मिटलं असं आपल्याला वाटतं. मुक्ताबाईला माझ्या कबुलीचं काही करायचं नव्हतं. मी खाली मान घालून विचारलं, "मी काय करू, सांगा."

तिनं रानाकडे बघितलं. मग म्हणाली, "उद्या येळवस हाय. कोप घालायची राहिली, जागा साफ करायची राहिली. हाताचं मानूस तुम्ही बसवून ठिवलाव. आता तुम्हीच हात लावा."

येळवस

आमच्याकडे मार्गशीर्षातली अमावस्या कुणाच्या ध्यानातही नसते. लातूरकडे त्या दिवशी गावं ओस पडतात. बाजार बंद, रस्ते मोकळे, सगळी माणसं रानात. पाहुणे, नोकरीला गेलेली पोरं, शेत नसलेले शेजारी, सगळे कुणाच्या ना कुणाच्या रानात जेवायला जातात. वेळ अमावस्या म्हणायची ती, बोलताना येळवस. रानात कडब्याच्या पेंढ्यांची एक खोपी उभी करतात, ती कोप. तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा, आणि मग जेवण.

सकाळी उजाडताच मी कामाला लागले. ताई त्यांच्या घरातल्या सपाट शहाबादी फरशीवर रात्रभर शांत झोपली होती. मुक्ताबाईनं माझ्या हातात खुरपं आणि टोपली दिली. ढेकळं फोडणं, जागा झाडणं, कडबा वाहणं. मी साठीला आलेय. तासाभरात कंबर बोलायला लागली. मुक्ताबाई माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. पेंढ्या एकीला एक टेकवून वर बांधताना मात्र तिनं माझा हात धरून गाठ कशी मारायची ते दाखवलं. तेवढंच.

कोप उभी झाल्यावर व्यंकटराव गळ्यात हात बांधून आले. म्हणाले, "ताई, आता तुमची गाडी बसवू."

मी म्हणाले, "नको. मी तिला हात लावणार नाही."

"मग माहूरपतुर कशी जाताल? मोठ्या ताईला रोज पाडताव का?"

त्यांनी मला आधी गाडीकडे जाऊच दिलं नाही. रानात फिरवलं. एकटीनं चालायचं, चप्पल काढून, हळू. "जमीन कुटं वडती ते पायाला कळतंय." मला काही कळलं नाही, तेव्हा त्यांनी ताईला बोलावलं. ती माझा खांदा धरून दहा पावलं चालली आणि बांधाच्या कडेला थांबली. "इथं बरं वाटतंय." तिथे वरच्या काळ्या मातीखाली मुरूम होता, घट्ट. व्यंकटरावांनी पायानं उकरून दाखवला आणि ताईकडे बघून हसले. "आमच्या लायनीत यायला पाह्यजे हुतं तुम्ही."

मग त्यांनी गवंड्याची नळी आणली. लांब, पारदर्शक, पाणी भरलेली. दोन टोकं दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला येतं. जमीन कितीही फसवी असो, पाणी फसवत नाही. एक टोक मी मागच्या चाकाच्या जागी धरलं, दुसरं त्यांनी पुढच्या. पुढची बाजू दोन बोटं उंच निघाली.

"आता काय करताल?"

"मागं ठोकळे घालीन."

"चढवायची कशाला? उतरवा की."

मला आधी समजलंच नाही. त्यांनी विळ्याच्या टोकानं पुढच्या चाकांच्या जागी दोन आयत आखले. "इतकं खरवडा. दोन बोटं खोल. मग गाडी वरनं घ्या, पुढची चाकं आपसूक खाली बसतेत. उचललेली गाडी कवाबी खाली यायला बगती. बसलेली गाडी बसूनच ऱ्हाती."

मी खरवडलं. ताईला कोपेजवळ चटईवर बसवलं, गाडी रिकामी केली, सावकाश पुढे घेतली. चाकं खड्ड्यात टेकली. हँडब्रेक. मग चारही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. जॅक मी बाहेर काढलाच नाही. बुडबुडा मधोमध आला तेव्हा मला रडूच आलं. ते लाजून दुसरीकडे बघू लागले.

गवंडीकाम कुठे शिकलात, विचारलं. म्हणाले, "भूकंपानंतर तिकडं नवी गावं बांधली, तवा. पंधरा वर्साचा हुतो. मामाचं घर गेलतं त्यात." मग म्हणाले, "तवापसनं जमीन थिर हाय असं मी धरतच न्हाई. दर येळंला बगतो. लोकं हसतेत, मिस्त्री लई येळ लावतोय म्हनतेत."

दुपारी पंगत बसली. वीसेक माणसं. मातीच्या डेऱ्यातली आंबील, ताकातली, आंबूस, गार. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. ओल्या तुरीचे दाणे, वाटाणा, हरभरा, पालेभाज्या, चिंच असं सगळं एकत्र शिजवलेलं दाट प्रकरण. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, आणि गव्हाची खीर. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करताना "घ्या हो, संकोच नको" म्हणतात. इथे विचारतच नाहीत. ताट रिकामं दिसलं की वाढतात आणि पुढे जातात. ताईनं तीन उंडे खाल्ले. आजारपणानंतर तिला इतकं जेवताना मी पाहिलं नव्हतं. तिच्यासमोर ज्वारीच्या कणसांच्या वर आभाळाची लांबलचक आडवी रेघ होती, आणि तिच्याकडे बघत ती ताठ बसली होती, मांडी घालून, कशालाही न धरता.

निघताना मुक्ताबाईनं उंड्यांचं गाठोडं ताईच्या मांडीवर ठेवलं. मला म्हणाली, "दगड लावत जावा." माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही तसं धरलेलं नाही. हे लिहितेय तोवर प्लास्टर निघालंय. अंगठा वळतो, थंडीत ठणकतो. मी दर रविवारी फोन करते. मुक्ताबाई उचलते आणि फोन त्यांच्याकडे देते. गेल्या रविवारी देण्याआधी तिनं विचारलं, "मोठ्या ताई कशा हायत?"

बिलोली

लातूर, उदगीर, देगलूर. देगलूरपासून भाषा बदलत गेली. चहाच्या टपरीवर दोघं तेलुगूत भांडत होते आणि हिशेब मराठीत सांगत होते. मला कुणी "अक्का" म्हणालं. ताई खुलली; तिला चाळीस वर्षांपूर्वीचे दोन-चार तेलुगू शब्द आठवले आणि तिनं ते त्या टपरीवाल्यावर खर्च केले. तो हसून म्हणाला, "शाळामास्तरीण होत्या काय इकडं?"

बिलोलीपासून थोड्या अंतरावर ते खेडं. शाळेची इमारत नवी झालेली, ताईला ओळखू न येणारी. नरसम्मा होती. मुलाच्या घरी, ओसरीवर, खाटेवर. ऐंशीच्या पुढची, हातावर गोंदण, डोळे पांढुरलेले.

गल्ली दोन्हीकडून गटाराकडे उतरती होती. ताई दारात उतरायला अधीर झालेली, "इथंच थांबव गं, पाच मिनिटांचं काम." मी थांबवली नाही. गल्लीच्या टोकाला मारुतीच्या पारासमोर फरसबंदी होती तिथवर गेले, उतरले, चपला काढून चालले, दगड लावले, मग तिला उतरवलं. ती चिडली होती. पन्नास पावलं चालावं लागलं तिला, माझ्या दंडाला धरून, आणि सगळं गाव बघत होतं.

नरसम्मेच्या खाटेशी बसून ताईनं तिचा हात हातात घेतला. "नरसम्मा, मी. शाळेतल्या बाई. शालिनी. तुमच्याकडं राहत होते मी, माडीवरच्या खोलीत."

म्हातारीनं बराच वेळ हात चाचपला. मग चेहरा उजळला. "काळे बाई!"

"नाही, मी..."

"काळे बाई, तू आलीस व्हय गं! तुजं लेकरू बरं हाय ना? तापानं फणफणलं हुतं तवा. मी रातभर बसले बग त्याच्याजवळ."

ताईचं तिथे असताना लग्नही झालेलं नव्हतं. ताईनंतर आलेली कुणी दुसरी शिक्षिका असणार. नरसम्मेचा मुलगा ओशाळून पुढे झाला, "आई, ह्या काळे बाई न्हाईत..." ताईनं त्याला हातानं थांबवलं.

"बरं आहे लेकरू," ती म्हणाली. "मोठं झालं. तुमच्यामुळं वाचलं."

म्हातारी समाधानानं हसली. मग त्या काळे बाईच्या लेकराची सगळी हकीकत तिनं सांगितली आणि ताई ऐकत राहिली, जणू तिचीच. चहा झाला. निघताना ताई खाटेशी वाकली आणि म्हणाली, "मागच्या वेळी न सांगता गेले होते. आता सांगून जाते."

"जा," नरसम्मा म्हणाली. "पर काळे बाई, तू कदी न सांगता गेलीच न्हाईस. तू तर रडत गेलतीस."

गाडीत बसल्यावर ताई खिडकीबाहेर बघत होती. नांदेडच्या रस्त्याला मी गाडी वळवली. मग विचारलं, "वाईट वाटलं का?"

"वाटलं," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला वाटत होतं, ती माझ्यावर नाराज असेल. तिला मी आठवतच नाही. चांगली होती ती काळे बाई. नीट निरोप घेऊन गेली." मग म्हणाली, "आणि तू मला पन्नास पावलं चालवलंस ते बरं केलंस. तेवढ्यात तिला काय सांगायचं ते जुळवता आलं."

माहूर

नांदेडला एक दिवस विसावा घेतला आणि माहूरला निघालो. किनवटच्या बाजूनं झाडी दाट होत जाते, सागाची पानं रस्त्यावर ताटासारखी पडलेली. मराठवाडा म्हणजे उघडंबोडकं रान असं ज्यांना वाटतं त्यांनी हा रस्ता जरूर बघावा. गाडी डोंगर चढायला लागली तशी ताईनं डोळे समोरच्या काचेवर खिळवले.

वर मंदिराच्या पायथ्याशी गाड्यांची रांग. नारळ-ओटीच्या दुकानातली एक बाई हात करून बोलावत होती. "इकडं लावा बाई! रातचं ऱ्हायलं तरी चालते. सगळे लावून राहिले."

जागा देखणी होती. समोर दरी, पलीकडे डोंगराच्या निळ्या रांगा. ताई म्हणाली, "इथंच राहू. सकाळी उठल्या उठल्या हे दिसेल, आणि पायऱ्या समोरच."

मी उतरले, चालले, लेव्हल ठेवली. बुडबुडा टोकाला जाऊन चिकटला. दोन बोटं नाही, हात-सव्वा हात उतार, आणि खाली दरी. गाड्या उभ्या होत्या खऱ्या, पण त्या तासाभरासाठी, रिकाम्या. त्यांच्यात कुणी झोपणार नव्हतं. मी खरवडून बघायला गेले तर खाली खडक.

"इथं नाही जमणार, ताई."

"अगं, दगड लाव. ठोकळे आहेत की. तू इंजिनियर आहेस ना?"

आठवड्यापूर्वी ह्या एका वाक्यावर मी जॅक काढला असता. मी म्हणाले, "आहे. म्हणून सांगतेय. ही जागा सपाट करता येत नाही. ही सोडायची."

खाली गावात, एका शेतकऱ्याच्या खळ्यावर गाडी उभी करेपर्यंत तिनं तोंड वळवलेलं होतं. खळं सारवलेलं, टणक, जवळजवळ सपाट. एका चाकापुरतं खरवडावं लागलं. खिडकीतून दिसत होता तो कडब्याचा ढीग आणि एक रेडकू. "काय पण देखावा," ताई म्हणाली. जेवण झाल्यावर मी दगड लावले आहेत ना ते दोनदा बघून आले.

सकाळी रिक्षानं वर गेलो. पायऱ्या चढताना तिला फारसा त्रास झाला नाही. पायऱ्या डोळ्यांसमोर असतात, एकेक दिसते. दर वीस-पंचवीस पायऱ्यांवर टेकत वर पोचलो. शेंदराचा तो मोठा मुखवटा बघून ताई हात जोडून इतका वेळ उभी राहिली की मागच्यांनी ढकललं. तिनं काय मागितलं ते मी विचारलं नाही.

उतरताना मात्र पहिल्याच पायरीवर ती थिजली. खाली सगळा उतारच उतार, धरायला एका बाजूचा कठडा आणि त्याला माणसांची रेटारेटी. पाय टाकायला जाई आणि मागे घेई. तिचा हात माझ्या मनगटात रुतला. "मीने, मला नाही जमणार. सगळं फिरतंय."

डोली शोधू का, म्हणाले. नको म्हणाली, डोलीत डोळ्यांसमोर सगळं हलणार. मी समोर उलटी उभी राहून तिला धरून उतरवून बघितलं, दोनच पायऱ्या झाल्या आणि आम्ही दोघीही कोलमडता कोलमडता राहिलो. लोक बाजूनं जात होते, वळून बघत होते.

मग ताई खाली बसली. लुगड्याचा घोळ आवरून सरळ पायरीवर बसली, दोन्ही तळवे दगडावर टेकले, पाय खालच्या पायरीवर सोडले आणि बसल्या बसल्याच खाली सरकली. एक. थांबली. मग दुसरी. वर बघून म्हणाली, "असं जमतंय गं. दगड हाताला लागला की फिरत नाही."

मी तिच्या शेजारून उभ्यानं उतरू लागले. पाचेक पायऱ्या तशा गेल्या. खाली बघितलं तर तिचे केस, पांढरे, विस्कटलेले, आणि माणसांचे पाय तिच्या खांद्याला घासून जात होते. आजवर मी तिची गाडी सपाट करत आले होते, तिला दंडाला धरून चालवत आले होते. तिच्या पातळीवर मात्र एकदाही बसले नव्हते.

मी बसले. दगड थंड होता. तळवे टेकले, सरकले. साठीच्या आसपासच्या दोघी बहिणी, बाजूबाजूला, एकेक पायरी.

खालून यवतमाळकडच्या बायांचा एक जथा वर येत होता. त्यातली पुढची, डोईवर परडी घेतलेली, आमच्यापाशी थांबली.

"काय करून राहिल्या व बाई? नवस हाय का?"

मी काही बोलायच्या आत ताई म्हणाली, "हाव. नवसच हाय."

त्या बाईनं परडी सावरली, वाकून आधी ताईच्या आणि मग माझ्या पायाला हात लावला, आणि मागच्यांना ओरडून सांगितलं, "बाजूनं व्हा गं, यांना वाट द्या." जथा दोन्हीकडे दुभागला. ताई हसायला लागली, मग मीही. हसू आवरल्यावर आम्ही पुन्हा तळवे टेकले आणि पुढच्या पायरीवर उतरलो.